भिंतीतला जिना

महाल भागातल्या पोतनीस वाड्यात दर रविवारी सकाळी करिष्मा दोन तासांसाठी कारभाऱ्यांची सून व्हायची. नऊवारी, नथ, अंबाडा, कपाळावर चंद्रकोर. वाडा दुरुस्त करून लोकांना दाखवणाऱ्या यमुताईंनी तिला या वेशात वाडा दाखवायला हौसेने बोलावलं होतं. धरमपेठेतल्या साड्यांच्या दुकानात आठवडाभर खालमानेने उभी राहणारी करिष्मा इथे मात्र घरच्यासारखी बोलायची. नवऱ्याच्या मारापासून जीव वाचवून ती उमरेडहून पळाली, त्याला दीड वर्ष झालं होतं. या वेशात आपल्याला कुणी ओळखणार नाही, असं तिला वाटे.

त्या रविवारी अठरा जण आले. दिवाणखान्यात ती छताच्या कोरीवकामाबद्दल सांगत होती, तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "दार एवढं ठेंगणं काहून आहे, बाई?"

तो आवाज तिच्या नवऱ्याचा होता. दुर्गेश. खांबाला टेकून तो तिच्याकडेच बघत होता. हात उचलण्याआधी यायचं तेच पातळ हसू त्याच्या ओठांवर होतं.

"आत येणाऱ्याने मान झुकवावी म्हणून," ती कशीबशी म्हणाली. यमुताईंनी शिकवलेली पुस्तकी मराठी तिने घट्ट धरून ठेवली. ओळखलं नसेल. नथ आहे, पदर आहे.

पण ती माजघरात गेली की तो माजघरात, देवघराशी थांबली की तो दोन हातांवर. तुळशीपाशी ती तेच वाक्य दुसऱ्यांदा बोलून गेली. एका आजोबांनी विचारलं, "पाणी पाहिजे का बेटा?" "नको," म्हणत तिने यमुताईंना शोधलं. यमुताई पार बाहेरच्या दारापाशी होत्या.

पुढे भिंतीतला जिना होता. काळोखा, एका वेळी एकच माणूस मावेल असा.

"आधी तुम्ही चढा," ती आजोबांना म्हणाली.

"नाही वं माय, मले अंधारात दिसत नाही. तूच समोर हो."

ती चढू लागली. मागून पावलं आली, ती आजोबांची नव्हती. सहाव्या पायरीवर तिचं मनगट आवळलं गेलं. दोन बांगड्या पिचल्या.

"नेटवर वाड्याच्या फोटोत नथ होती, तरी ओळखलं तुले," दुर्गेश कानाशी कुजबुजला. "गाडी बाहेर उभी आहे. आवाज नको करू, गुपचूप चाल."

क्षणभर तिला वाटलं, जावं मुकाट्याने, जसं दर वेळी गेले तसं. मग तिच्याही नकळत आवाज फुटला.

"सोड मले! यमुताई! हा माझा नवरा आहे, मारून टाकते हा मले!"

जिना दणाणला. खालून आजोबांनी दुर्गेशचा सदरा धरला. "काहून धरलं गा पोरीले?"

"बायको आहे माझी!"

"मंग? सोड आधी हात!"

वर करिष्मा, खाली सतरा माणसं. त्याला हलायला जागा नव्हती. बोटं सैल पडली. लोकांनी त्याला तसाच धरून खाली उतरवलं. यमुताईंनी दार लावून पोलिसांना फोन केला होता.

करिष्माने तक्रार लिहून दिली आणि खाली सही केली. पोलिसांनी त्याला नेलं, पण सुटून येणार नाही असं कुणीच म्हणेना. यमुताईंनी वाड्याच्या इंटरनेटवरच्या पानावरचे तिचे सगळे फोटो काढले आणि तिला स्वतःच्या घरी नेलं.

दोन रविवार ती गेली नाही. तिसऱ्या रविवारी नऊवारी नेसली, आणि लोकांना आत घेण्याआधी सज्ज्यात उभी राहून एकेक चेहरा नीट बघून घेतला.