जाळी नसलेला गोल

धुळानं भडंगाची पुडी उंबऱ्यावर ठेवली आणि तो बाहेरच्या पायरीवर बसला.

"जिलबी आणणार हुतो," तो म्हणाला. "मग म्हटलं, नगं. तुझ्या घरात आजून गोड चालायचं न्हाई. खा, तिखट हाय."

नानासोनं पुडीकडं पाहिलं. उचलली नाही.

"एक शून्य का हुईना गड्या, जिकलो. रविवारी फायनल. कोल्हापूरकर हाईत समोर."

"ह्या खेळावर कोल्हापूरकर चार गोल घालतील," नानासो म्हणाला. "बॅकची पोरं नुसती उभी हुती. सेंटर हाफला अर्ध्यातच धाप लागली. ह्याला काय जिकणं म्हणायचं?"

"जिकलं ते जिकलं. तू हुतास म्हणून गोल मिळाला. आख्खं यार्ड म्हणतंय, नानासोनं पोरास्नी फायनलला नेलं."

नानासो उठला. मोरीत गेला आणि मघाशीच धुतलेले पाय पुन्हा धुऊन आला.

तो सांगलीच्या मार्केट यार्डात तोलार होता. वीस वर्षं हळदीची पोती तोलत आला होता. धुळा तिथलाच हमाल. दोघांपैकी कुणीही कॉलेजची पायरी चढलेली नव्हती, पण कॉलेजच्या फुटबॉल टीमची मॅच नानासोनं अकरा वर्षांत चुकवली नव्हती. तो दर वेळी समोरच्या टीमच्या गोलामागं, उजव्या खांबाशी उभा राहायचा. "बॉल आत गेला काय, भाईर गेला काय, तुमचं काय जातंय?" असं बनुबाई विचारायची आणि जेवण गरम करायला घ्यायची.

बनुबाईला जाऊन सोळा दिवस झाले होते. मूलबाळ नव्हतं, म्हणून सगळं त्यालाच करावं लागलं. डोक्यावरचे केस उतरवले, मिशी गेली. तेराव्याला मेव्हण्यानं दुखवट्याची कोरी टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि सगळी माणसं आपापल्या गावाला गेली. मग दोन दिवस तो घरात एकटा होता. काल दुपारी त्याच्या पायांनी त्याला मैदानावर नेलं.

समोर साताऱ्याचं कॉलेज होतं. दुष्काळाचं वर्ष. मैदानावर पाणी मारणं बंद झालेलं, गवताची काडी नव्हती. पोरं धावली की धुरळा उठायचा आणि बराच वेळ खाली बसायचा नाही. शेवटची पाच मिनिटं राहिली असताना सांगलीच्या पोरानं उजवीकडून बॉल मारला. साताऱ्याच्या गोलकीनं अंग टाकलं. बॉल खांबाजवळून मागं गेला. गोलाला जाळी नव्हती.

अर्धं मैदान गोल म्हणून ओरडलं. साताऱ्याची पोरं बाहेर, बाहेर म्हणून ओरडली. रेफ्री कराडचे एक मास्तर होते. ते मागं राहिले होते, त्यांना धुरळ्याशिवाय काही दिसलं नव्हतं. लाइन्समननंही दिसलं नाही म्हणून मान हलवली. मग मास्तरांना खांबामागं नानासो दिसला. त्यांच्या वडिलांची हळद त्यानंच तोलली होती.

"मामा, तुम्ही सांगा," ते म्हणाले. "तुमच्या काट्याला कुणी नाव ठेवत नाही."

बॉल खांबाच्या बाहेरून गेला होता. चांगला वीतभर. नानासोच्या पायाशी आपटून मागं गेला होता. पण गोल गोल ओरडणाऱ्यांत त्याचाही आवाज होता. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच तो एवढा मोठ्यानं निघाला होता.

"आतनं गेला," तो म्हणाला.

गोलकी धुळीतून उठून त्याच्यासमोर आला. त्याचं ढोपर फुटलं होतं.

"डोस्कं कुणापायी भादरलंस? त्या मेलेल्या माणसाची शपत घे आन सांग."

नानासोच्या तोंडून शब्द गेले. "तिची शपत." मास्तरांनी शिट्टी वाजवली.

आता दारासमोर एक पोरगा येऊन उभा राहिला. "आरं, ह्यो कोन आला?" धुळा पायरीवरून अर्धा उठला. "कालचा गोलकीच की! काय रं, भांडाय आलास व्हय?"

"न्हाई," पोरगा म्हणाला. त्यानं बाहेर चपला काढल्या, आत आला आणि समाचाराला आलेली माणसं बसतात तसा भिंतीला टेकून बसला. मग म्हणाला, "यार्डात इचारलं तवा कळलं, काकी गेल्या म्हणून. मी काल लय वंगाळ बोललो, काका. मेल्याली माणसं मधी आणली. आईला कळलं तर मला घरात घ्यायची न्हाई."

तो पाया पडायला वाकला. नानासोनं पाय आखडून घेतले.

"नाव काय तुझं?"

"मानसिंग. रहिमतपूरचा."

"काल तुला काय दिसलं?"

मानसिंगनं ढोपरावरच्या खपलीला हात लावला.

"भाईरनं गेल्याला दिसला. पर तुमी शपत घेतलीसा. बायकूला जाऊन पंधरा दिस झाल्यात आन तिची खोटी शपत कोन घील? माझीच नजर चुकली. धूळ गेली आसंल डोळ्यात. सकाळी आमच्या सरांस्नी सांगून टाकलं, हितनं फुडं मला गोलात उभं करू नगा."

"चालायचंच," धुळा खुशीत म्हणाला. "नजर चुकती कवा कवा. घे, भडंग खा. तुमच्या कंदी पेढ्यावानी न्हाई, पर नाकातनं पाणी काढंल."

मानसिंग थोडा हसला. चार दाणे तोंडात टाकले.

नानासोला इथं सांगता आलं असतं. तिघंच तर होते. पोरानं ऐकून घेतलं असतं, धुळानं जाऊ दे म्हटलं असतं, आणि गोष्ट या चार भिंतींत राहिली असती. यार्डात पोत्याचं वजन माल देणारा, घेणारा, हमाल अशा सगळ्यांच्या कानावर पडेल असं ओरडून सांगायचं असतं. कोपऱ्यात सांगितलेलं वजन कुणी धरत नाही.

मानसिंग उठला. दुखवट्याच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं हे त्याला कुणीतरी शिकवलं होतं. त्यानं नुसते हात जोडले.

"कितीची गाडी हाय?" नानासोनं विचारलं.

"साडेअकराची. पोरं समदी स्टँडवर बसल्यात."

"आन ते रेफ्री मास्तर?"

"ते बी आमच्याच गाडीत. कराडला उतरत्यात."

नानासोनं सदरा अंगात घातला. बटणं लावताना एक चुकलं, ते सोडून पुन्हा लावलं.

"कुठं निघालास रं नाना?" धुळानं विचारलं.

"स्टँडवर."

"कशाला?"

नानासोनं कोरी टोपी डोक्यावर ठेवली. धुळा काल मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला होता, त्यानं बॉल पाहिला नव्हता. आता तो नानासोच्या तोंडाकडं बघत राहिला. भडंगाची मूठ तोंडापाशीच थांबली.

"नाना," तो हळू म्हणाला, "रविवारी फायनल हाय गड्या. अकरा वर्सांनी गाठलीया पोरांनी."

"म्हाईत हाय मला."

त्यानं दाराला कडी घातली. गल्लीत मानसिंग अवघडून थांबला होता.

"काका, तुमी कशाला तरास घेताय? रस्ता गावंल मला."

"चल," नानासो म्हणाला. "गाडी जाईल." आणि तो त्याच्या पुढं चालू लागला.