कुट्टी मशीनचं झाकण

वैरण कापायच्या कुट्टी मशीनला बाधा आहे, असं बावड्यातल्या चार शहाण्यांनी एकमतानं ठरवलं, तेव्हा सावळारामनं नुसती मान डोलावली. ज्या मशीननं त्याच्या बायकोच्या, सरुबाईच्या, उजव्या हाताची चार बोटं गिळली, ते साधंसुधं कसं असेल? कुणी म्हणालं अमावास्येला आणलं, कुणी म्हणालं बसवताना नारळ फोडला नाही. सरुबाई म्हणाली, "माझीच घाई नडली." सावळारामनं यातलं काहीच खोडून काढलं नाही. त्याला ते सोयीचंच होतं.

खरं काय ते त्याला एकट्याला ठाऊक होतं. मशीनच्या तोंडावर पिवळं पत्र्याचं झाकण होतं. वैरण सरकवणारा हात आतल्या रोलरपर्यंत पोचू नये, एवढंच त्याचं काम. पण उसाचं ओलं वाढं, शेंड्याचा हिरवा पाला, त्यात अडकायचं. एका सकाळी वैतागून त्यानं पाना घेतला आणि झाकण काढून गोठ्यामागं फेकलं.

"अवं, हात जाईल की आत," सरुबाई म्हणाली होती.

"दुकानदारच म्हनला, ते नुसतं गाडीतनं आणताना लावत्यात," त्यानं ठोकून दिलं. दुकानदार असलं काही बोललाच नव्हता. तिसऱ्या दिवशी वैरणीबरोबर तिची बांगडी ओढली गेली. बटण पलीकडच्या भिंतीवर होतं. तो तिथं धावत पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं.

मशीन तसंच, झाकणाशिवाय, लासुर्ण्याच्या ओळखीतल्या संदेशला देऊन टाकलं. गोठ्यात उरले ते सिमेंटच्या ओट्यातले चार बोल्ट. पण दुपारचे चार वाजले की त्या रिकाम्या ओट्यावर सावळारामला मशीन सुरू झाल्याचं ऐकू यायचं. आधी घरघर, मग खडखड, मग सरुबाईची किंकाळी. तो दचकून बघायचा, तर सरुबाई समोर शांत बसलेली. तिचं आणखी वेगळंच. नसलेली बोटं खाजायची. बारामतीचे डॉक्टर म्हणाले, होतं असं.

"करंगळी खाजतीया, जरा खाजवा की," ती म्हणायची. मग सावळाराम तिच्या थोट्या हातापुढं हवेतच हळूहळू खाजवायचा. तिला बरं वाटायचं आणि त्याच्या अंगावर काटा यायचा.

असे आठ महिने गेले. एक दिवस संदेशचा फोन आला. "तात्या, मशीन झकास चाललंय. आता माझी बायकूच वैरण घालती, मला हातबी लावाया लागत न्हाय."

त्या दुपारी चार वाजता पुन्हा घरघर, खडखड. पण किंकाळी सरुबाईची नव्हती. ती कुणा दुसऱ्याच बाईची होती. सावळारामनं गोठ्यामागं जाऊन झाकण शोधून काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं झाकण धुतलं, मोटरसायकलला बांधलं आणि लासुर्णं गाठलं. मशीन चालूच होतं. त्याच्या उघड्या तोंडावर लिंबू-मिरची लटकत होती आणि संदेशची बायको प्रगती, स्कार्फचं टोक लोंबत असताना, कोपरापर्यंत हात घालून वैरण सरकवत होती.

"बंद कर! आधी बंद कर!" सावळाराम ओरडला.

संदेशनं बटण दाबलं आणि हसला. "तात्या, घाबरू नका. बाधेचं कळलं हुतं आमाला. कोंबडं दिऊन मोकळं झालोय."

"हे झाकण ऱ्हायलं हुतं. लावून देतो," सावळाराम म्हणाला. एवढ्यावर भागेल, असं त्याला वाटत होतं. त्यानं झाकण बसवलं. प्रगतीनं मूठभर वैरण घालून पाहिली, ती अडकली.

"ह्यात लई येळ जातोय, तात्या. तुमी गेल्यावर काढून ठिवते बघा," ती हसत म्हणाली.

सावळारामनं पान्याकडं पाहिलं. आता गप्प बसलो तर हिचाही हात आपणच खाल्ला, हे त्याला लख्ख कळलं.

"पोरी, बाधा-बिधा काय न्हाय. हे मीच काढलं हुतं. बायकूनं इचारलं तर तिला खोटं सांगितलं. तिची बोटं मी घालवली."

प्रगतीनं नकळत दोन्ही हात मागं घेतले. संदेशनं पाना उचलला आणि एकेक बोल्ट पुन्हा आवळला. मग तो भिंतीवरच्या बटणाकडं बघत राहिला.

"हे बटनबी जवळ घ्यायला पायजे," तो म्हणाला.

"काकूंना ठावं हाय?" प्रगतीनं विचारलं.

"न्हाय."

परतीच्या वाटेवर सावळारामला तो एकच प्रश्न खात राहिला.

घरी सरुबाई डाव्या हातानं मेथी निवडत बसली होती. त्यानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तिनं मान वर केली.

"दुकानदार बोललाच न्हवता?"

"न्हाय."

"आन् मी आपली म्हनत बसले, माझीच घाई नडली."

ती रडली नाही की भांडली नाही. उरलेली मेथी निवडून टाकली. चार वाजले. सावळाराम कान देऊन बसला. ओट्यावरून कसलाच आवाज आला नाही, पहिल्यांदाच. त्याला हलकं वाटलं आणि त्याची लाजही वाटली. मग त्याला दिसलं, सरुबाईचा डावा हात थोट्या हातापुढं हवेत हळूहळू खाजवत होता.

तो चटकन जवळ जाऊन बसला. "खाजतंय व्हय? आण हिकडं."

सरुबाईनं हात पदराखाली घेतला.

"न्हाय," ती म्हणाली.