उशीचे ठोके

"आता ऐक," म्हणत बाबा मांडीवरच्या उशीवर मुठीने थापा मारू लागले. दोन जवळजवळ, मग जरा जागा, पुन्हा दोन. माइकमधून ते ठोके हेडफोनमध्ये आले तेव्हा त्यात उशी उरली नव्हती.

चौतीस वर्षं बाबा माहितीपटांना आवाज लावत होते. ही फिल्म उशिरा केलेल्या गर्भपातांविरुद्ध होती. पडद्यावर सोनोग्राफीचं चित्र होतं, करडं आणि मुकं.

"पण या चित्राला आवाजच नाही, बाबा."

"चित्राला नसेल. बघणाऱ्याला कान असतात ना?"

"आणि मागच्या वर्षी दुसऱ्या बाजूची फिल्म केलीत ती?"

"तिथे आईचा श्वास लावला. मागे भिंतीवरचं घड्याळ. वरात कुणाचीही असो, आपण वाजंत्रीवाले." हसताना त्यांना धाप लागली. "फार झालं गं आता. ही झाली की बंद."

निवेदिका म्हणाली, "सातवा महिना." पुढे चार सेकंद नुसते ठोके.

"इथे कुणाला वाद घालता येत नाही," बाबा म्हणाले.

मी रडत होते. त्यांनी माझे हेडफोन काढले. "मीही एक मूर्ख! तुझं बाळ पोटातच गेलं, आणि तुलाच बसवलं ऐकायला." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग राहवेना. "पण जमलंय ना?"

"जमलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता ते गेले. अर्ध्या गालावर साबण तसाच होता.

पंधरवड्याने स्टुडिओतून त्यांचं सामान आणलं. चष्मा, थर्मास, उशी. तोवर फिल्म दाखवून झाली होती. "त्या ठोक्यांपाशी सगळं थिएटर रडलं," दिग्दर्शक म्हणाला. मी मान हलवली.

घरी उशी मांडीवर घेतली. मधोमध मुठीएवढा खळगा पडला होता. त्यात हात ठेवला, थाप मारवेना.

"बाबा," मी मोठ्याने म्हणाले, "ते बाळ पोटात आपोआप गेलं नव्हतं. त्याचा मेंदूच तयार झाला नव्हता. जन्मून तासभरही जगलं नसतं, डॉक्टर म्हणाले. सातव्या महिन्यात मी सही केली. तेव्हा मशीनवर त्याचे ठोके ऐकू येत होते, भरभर. नर्सला मीच म्हटलं, आवाज बंद करा."

खळग्यातला हात मी काढला नाही.

"तुमचे ठोके जरा हळू पडले, बाबा."