होडीतली जागा

विनय गजभियेने उभा जन्म कारखान्यात ड्रॉईंगं काढली. संरक्षण खात्याचा कारखाना, तिथली शिस्तच अशी की कागदावर माप पडल्याशिवाय लोखंडाला हात लावायचा नाही. निवृत्त झाल्यावर त्याला कादंबरी लिहायची हुक्की आली, तेव्हा तीही आधी ड्रॉईंग काढून मगच लिहायची, हे त्याच्या मनाने त्याला न विचारताच ठरवून टाकलं. नेमकं तसलंच सॉफ्टवेअर त्याच्या मुलीने, एकताने, हैदराबादहून बसल्या बसल्या त्याच्या लॅपटॉपवर चढवून दिलं. मग काय, गडी हरखला.

त्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पात्राचं एक कार्ड होतं. उंची, सवयी, कशाची भीती वाटते, काय हवं आहे. गावाचा नकाशा काढायची सोय होती, कोण कुठल्या साली कुठे होतं याचा तक्ता होता. गल्लीतला नळ पहिल्या प्रकरणात डावीकडे असून चौथ्यात उजवीकडे गेला, तर लगेच लाल खूण उमटायची. विनयला वाटलं, हे यंत्र आपल्याच खात्यातून निवृत्त झालेलं असावं.

त्याने जुन्या क्वार्टरांची सगळी वसाहत त्यात उभी केली. खरं सांगायचं तर त्याला त्याचा फायदाही झाला. दाराचा रंग काय, असं सॉफ्टवेअरने विचारलं आणि त्याला कारखान्यातून आलेला तो हिरवट करडा रंग आठवला, जो वसाहतीत सगळ्यांच्या दारांना, खाटांना आणि एकाच्या सायकलीलाही होता. पण कार्डं भरता भरता वर्ष सरत आलं, शेजाऱ्यांच्या बकरीचंसुद्धा कार्ड झालं, आणि प्रकरण एकही होईना.

"बाबा, लिखना कब शुरू करोगे?" एकता फोनवर म्हणाली.

"तयारी करून राहिलो ना," विनय म्हणाला.

"अच्छा, म्हणजे बकरी तयार आहे," ती म्हणाली.

कादंबरीची नायिका होती त्याची आई, लताबाई. ऐंशी कधीच ओलांडलेली, डोळ्यांनी अधू, कानांनी तिखट. तिच्याबद्दल आजवर कोणी दोन ओळी लिहिल्या नव्हत्या, रेशनकार्ड सोडलं तर. भंडाऱ्याकडून लग्न होऊन ती जबलपूरला आली, क्वार्टरमध्ये चार पोरं वाढवली, दर पौर्णिमेला विहारात गेली, आणि एवढ्यात तिचं सगळं आयुष्य होऊन गेलं. विनयला पुरस्कार नको होता, छापून आलं नाही तरी चाललं असतं. तिने ऐकावं आणि "हो, ही मीच" असं म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. ती आहे तोवर. याच्यापुढचा विचार तो करत नसे.

तिच्या कार्डावर 'या पात्राला काय हवं आहे?' असा प्रश्न होता. विनयने लिहिलं, 'मुलांचं भलं.' सॉफ्टवेअरने ते मान्य केलं.

मुलीच्या टोमण्याने एकदाचा हात चालू झाला, आणि पहिलं प्रकरण त्याने नर्मदेवरच्या भेडाघाटचं लिहिलं. नागपूरकडचा पाहुणा जबलपूरला आला की त्याला भेडाघाट दाखवल्याशिवाय परत पाठवायचं नाही, हा वसाहतीतल्या मराठी घरांचा जणू कायदाच होता. नागपूरची आत्या आलेली, भाड्याचा टेम्पो ठरवलेला, पांढऱ्या कड्यांमधून होडी निघालेली, आणि होडीच्या टोकाला जांभळ्या साडीतली लता, मांडीवर पुऱ्यांचा डबा घेऊन. लिहिता लिहिता त्याचे डोळे भरून आले. साल, साडी, होडीचा रंग, सगळं तक्त्याशी जुळत होतं. लाल खूण एकही नाही.

हिवाळ्याची दुपार होती. अंगणात उन्हाला बसून लताबाई मझौलीकडचा मटार सोलत होती. दाणे टोपलीत पडत होते आणि विनय वाचत होता. तिने मध्ये एकदाही टोकलं नाही, तेव्हाच खरं तर त्याला शंका यायला हवी होती.

"चांगलं लिहिलं," वाचून झाल्यावर ती म्हणाली. "पण ही बाई कोण होय?"

"आई, तू आहेस ती."

"मी कुठची बाप्पा. मी त भेडाघाटले कधी गेलीच नाही."

विनय हसला. आईचं वय झालं, असं त्याला वाटलं. "असं कसं? आत्या आली होती तेव्हा गेलो ना आपण सगळे. काका आला तेव्हाही."

"तुम्ही गेले. टेम्पोत जागा कुठं राहे? पाहुणे, तुम्ही पोरं, तुये बाबा. मी पहाटे उठून पुऱ्या तळो, डबा बांधून देऊ. मग तुये बाबा माणसं मोजत, आणि एक जास्तच भरे. मग मीच म्हणो, राहू द्या, पुढच्या खेपेले." तिने शेंग सोलली. "पाहुणे त येतच राहत. पण जागा काही वाढली नाही."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच ते विनयला जास्त लागलं. त्याला घाटावर उघडलेला डबा लख्ख आठवत होता, बटाट्याच्या भाजीची चव जिभेवर होती. जिथे डबा तिथे आई, असं धरून त्याच्या आठवणीने तिला परस्पर होडीत बसवून टाकलं होतं. इतकी वर्षं त्याला तिची रिकामी जागा दिसलीच नव्हती.

आत जाऊन त्याने लॅपटॉप उघडला. आधी सॉफ्टवेअरवरच खेकसला, एवढी मोठी चूक आणि तुला कळली नाही? मग त्याचं त्यालाच हसू आलं. बिचाऱ्याला जे सांगितलं ते त्याने इमानाने सांभाळलं होतं. त्याने तर सरळ विचारलं होतं, या बाईला काय हवं आहे म्हणून. तो प्रश्न आजवर त्या घरात दुसऱ्या कोणी विचारला नव्हता. उत्तर विनयनेच ठोकून दिलं होतं. त्याने 'मुलांचं भलं' पुसलं आणि पुन्हा अंगणात आला.

"आई, तेव्हा तुले काय पाहिजे होतं?"

"आता कायले विचारतं?"

"सांग ना."

तिने सोललेले दाणे टोपलीत टाकले. "पाणी पाहायचं होतं," ती म्हणाली. "सगळे येऊन सांगत, पाणी असं, दगड तसे. मी डबे घासता घासता ऐको."

त्या रविवारी त्याने ऑटो ठरवला आणि दोघंच भेडाघाटला गेली. ऑटोत जागाच जागा होती. पण होडीपर्यंत पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि दोन-चार पायऱ्यांतच लताबाईचे गुडघे धरले. विनयने उचलून न्यायची तयारी दाखवली, तर ती म्हणाली, लोकांना तमाशा दाखवायला आलो नाही आपण. मग वरच्याच एका पायरीवर ती बसली. तिच्या अधू डोळ्यांना खाली काहीतरी पांढरं आणि काहीतरी हलणारं दिसत होतं. खाली नावाडी होडीतल्या लोकांना यमकं जुळवून कड्यांबद्दल सांगत होता, ते तिने कान देऊन ऐकलं.

"उशीर झाला आई," विनय म्हणाला. त्याला आणखी पुष्कळ बोलायचं होतं. "ते प्रकरण मी काढून टाकतो. खोटं आहे ते."

"काहून काढतं? राहू दे." ती खालीच बघत होती. "तिथं गुडघे त नाही दुखत माझे." मग म्हणाली, "फक्त डबा दुसऱ्या कोणाले बांधाले लाव."

घरी येऊन विनय कामाला लागला. डबा बांधायला घरात दुसरं होतं कोण? त्याने आपल्या वडिलांना, टिकारामला, टेम्पोतून उतरवलं आणि स्वयंपाकघरात नेलं. त्याबरोबर लाल खूण उमटली. टिकारामच्या कार्डावर विनयनेच लिहून ठेवलं होतं, 'स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही.' सॉफ्टवेअर म्हणत होतं ते खरंच होतं. मापाबाहेर गेलेला एकही नग विनयने आयुष्यात पास केला नव्हता. त्याने खुणेकडे जरा वेळ पाहिलं आणि 'दुर्लक्ष करा' दाबलं. मग तो भराभर लिहीत सुटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा अंगण, पुन्हा मटार, आणि विनय नवं प्रकरण वाचू लागला. टिकाराम पहाटे उठला, कणिक मळली, पुऱ्या तळताना त्याला दोनदा चटका बसला. त्याने डबा बांधून लताच्या हातात दिला, टेम्पोत माणसं मोजली, एक जास्त भरला, तेव्हा म्हणाला, मीच राहतो, तू जाऊन ये. होडी कड्यांमध्ये शिरली तशी लताने बाजूला हात सोडला. पाणी तिला वाटलं होतं त्यापेक्षा गार होतं.

दाण्यांचा आवाज थांबला होता. विनयने मान वर करून पाहिलं. लताबाईच्या हातात अर्धी सोललेली शेंग तशीच होती.

"पुऱ्या कच्च्याच ठेवल्या असतील त्याईनं," ती म्हणाली.

मग तिने टोपली बाजूला सारली, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "हो, ही मीच होय. आता तो होडीचा भाग पुन्हा वाच."