बिनवासाचं सोल्युशन

संपात गिरणी गेली ती गेलीच. नवऱ्याने त्या धक्क्याने अंथरूण धरलं, तेव्हा लालबागच्या चाळीत रखमा एका शेठकडून माल आणून चपलांना पट्टे चिकटवायला बसली. चिकटवायचं सोल्युशन इतकं उग्र, की संध्याकाळपर्यंत तिचं डोकं गरगरायचं नि घास गिळवत नसे. त्याच चपलांवर तिने लेकीला, कमलला, केमिस्ट्री शिकवली. पुढे कमल गम बनवणाऱ्या कंपनीत लागली नि तिने एकच ध्यास घेतला: आईसाठी बिनवासाचा, बिनविषारी गम.

जमला एकदाचा! कंपनीने तो पाण्यात मिसळून त्यात मासे सोडून पाहिले. मासे मजेत होते. कमल साहेबांना म्हणाली, "सर, वाळायला फार वेळ लागतो. घरी काम करणाऱ्या बायकांकडे एकदा ट्रायलला देऊ या."

साहेब हसले. "अहो, त्या कुठे आपल्या कस्टमर? कस्टमर शेठ!"

म्हणजे माशांना विचारलं, बायकांना विचारायची गरज नाही. कमल आतल्या आत धुमसत राहिली.

शेठने नव्या गमचे डबे चाळीत धाडले ते ऐन जुलैत. ओल्या चपला पसरायच्या कुठे? रखमाने कॉटवर पसरल्या, कपाटावर पसरल्या. गॅलरीत पसरल्या तर शेजारीण अंगावर धावून आली. शेवटी अर्ध्या ओल्याच रचून दिल्या नि पट्टे निसटले. शेठने सगळा माल दारात आणून ओतला आणि काम भिवंडीच्या शेडमध्ये हलवलं. तिथे जागा होती, पंखे होते.

कमल साहेबांशी तावातावाने भांडली. "प्रॉडक्ट सेफ आहे ना? मग आपलं काम झालं," ते म्हणाले. पालथ्या घड्यावर पाणी!

घरी आली तर रखमा वाटच बघत होती.

"धारावीचो एक शेठ अजून जुन्या सोल्युशनवर काम देता. पण डबो आपलो होयो. तुज्या कंपनीत मिळात काय गो?"

"आई, विष आहे ते!"

"माका सांगतंस? इतकी वर्सां कोण हुंगता?"

कमलला आईचा राग आला, साहेबांचा आला, स्वतःचा तर विचारूच नका. तरी दुसऱ्या दिवशी तिने कंपनीतून जुन्या सोल्युशनचा डबा आणला. तो बघून रखमाचा चेहरा असा उजळला, की नवा गम जमल्याचं ऐकूनही ती इतकी खूश झाली नव्हती.