ज्या पडद्याआड कालिंदीबाई बोलल्या

मी एक जुना पडदा आहे. कधीकाळी मी बाटलीसारखा गर्द हिरवा होतो. आता माझा रंग कोणता, हे मलाही सांगता येणार नाही. मित्रांनो, मी फार दमलो आहे. माझे सांगणे थांबत थांबत होईल, तेवढे सांभाळून घ्या.

माझा जन्म परळच्या एका गिरणीत झाला. मागावर असताना कुठेतरी धागा तुटला, तो कुणाच्या ध्यानात आला नाही आणि माझ्या अंगावर एक आडवी विरळ रेघ राहिली. त्या रेघेपायी माझी किंमत उतरली. मोठ्या घरच्या दिवाणखान्यात मिरवण्याची स्वप्ने पाहणारा मी गिरणीच्या दुकानात तुकड्यांच्या ढिगात जाऊन पडलो. तिथून मला उर्मिलाबाईंनी उचलले. घरच्या शिवणयंत्रावर माझ्या कडा दुमडल्या, वर पितळी कड्या लावल्या आणि मला गिरगावातल्या आपल्या दवाखान्यात टांगले. "काय छान दिसतो हो!" असे त्या दिवशी सगळे म्हणाले. माझे कौतुक झाले ते तेवढेच. पुढे कुणी पडद्याकडे कशाला बघेल? हात पुसायला मात्र सगळ्यांना मीच सापडे.

दवाखाना म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेर एक बाक, आत खुर्च्या, मध्ये चौकट. चौकटीला दार नव्हते, म्हणून मी. उर्मिलाबाई औषधे देत नसत, औषधाचे डॉक्टर शनिवारी येत. दुखावलेल्या, खचलेल्या मनाला कसे सावरायचे याचे उर्मिलाबाईंनी रीतसर शिक्षण घेतले होते, इस्पितळात काम केले होते. त्या माणसाला समोर बसवत आणि ऐकत. आज तुम्ही त्याला समुपदेशन म्हणता. तेव्हा हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. तोंडी होता तो एकच शब्द, वेड.

मग आमच्याकडे माणसे येत कशी? आमच्या शेजारी दाताचे डॉक्टर बसत. लोक गालाला रुमाल लावून, दाढ ठणकत असल्याचे सोंग करत जिना चढत आणि वर आले की हळूच आमच्याकडे वळत. गिरगावात एवढ्या दाढा किडतात तरी कशा, असे खालच्या पानवाल्याला वाटत असेल. मला त्या सोंगाचे आधी हसू येई. नंतर कंटाळा येऊ लागला. दुखणे एकीकडे आणि रुमाल दुसरीकडे, हे बघून बघून माणूस काय, पडदासुद्धा थकतो.

चिंतामणराव आणि कालिंदीबाई ही नवराबायको अशीच दाढ धरून आली. छप्पन्न साल होते, श्रावण लागला होता. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून सारे शहर पेटले होते. खालच्या रस्त्याने मोर्चे जात, घोषणा होत, आणि वाऱ्याने हलतो तसा मी त्या आवाजाने हलत असे.

चिंतामणराव फोर्टातल्या एका कचेरीत कारकून होते. कालिंदीबाई खुर्चीत बसल्या त्या खालच्या फरशीकडे बघत. बोलले ते चिंतामणरावच.

"आमचा माधव गेला हो. जानेवारीतल्या गोळीबारात. एकुलता एक. कॉलेजात होता. वाडीनं त्याचा फोटो लावलाय, तालमीला त्याचं नाव दिलंय. हिचा सत्कार केला, साडीचोळी दिली, नारळ दिला. सगळे हिला वीरमाता म्हणतात. आणि ही बघा अशी. जेवत नाही, झोपत नाही, हिचे केससुद्धा मी विंचरतो. वैद्य झाले, अंगारे झाले. लोक म्हणतात, एवढ्या मोठ्या मुलाची आई, तिनं रडत काय बसायचं? अहो, पण ही रडतसुद्धा नाही!"

उर्मिलाबाईंनी त्यांना बाहेर बसायला सांगितले. मग खुर्ची थोडी जवळ ओढून त्या म्हणाल्या, "तुम्हाला माधवचा अभिमान वाटत असेल ना?"

कालिंदीबाईंनी एकदाच वर पाहिले. नंतर त्यांनी तोंड उघडले नाही. त्या दिवशी नाही, पुढच्या सोमवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. चिंतामणराव कचेरीतून अर्धी रजा घेऊन त्यांना आणत. आत दोघी बायका गप्प बसून राहत. मित्रांनो, कुणी नुसते उगी बसले असेल तर ते कळत नाही. पण बोलायचे असून गप्प बसलेल्या माणसाचे ओझे सगळ्या खोलीवर पडते. संध्याकाळी उर्मिलाबाई मला बाजूला सारून बाहेर येत तेव्हा त्यांचा हातही जड झालेला असे.

गणपती झाले. एका सोमवारी उर्मिलाबाई म्हणाल्या, "कालिंदीबाई, पहिल्याच दिवशी माझं चुकलं. अभिमानाचं तुम्हाला सगळी वाडी सांगतेय, त्यात माझी भर कशाला? मला हुतात्मा नको. माधव कसा होता, ते सांगाल?"

"घोरायचा," कालिंदीबाई म्हणाल्या.

आवाज असा आला की मला वाटले, कुणी दुसरेच बोलले.

"घोरायचा मेला. एवढासा जीव, पण बापासारखा घोरायचा. मी ओरडायचे त्याला."

बस्स, तेवढेच. पण पुढच्या खेपेला ताटात पडवळ दिसले की तो कसा उठून जायचा ते आले. चुलतबहिणीच्या लग्नात नवा सदरा शाईने भरवला होता, ते आले. वाडीतल्या फोटोत त्याने टोपी घातली आहे, ती त्याची नाहीच, कुणीतरी नंतर रंगवली, असेही त्या रागाने म्हणाल्या. तो राग मला आवडला. इतके दिवस त्या बाईंना कसलाच राग आला नव्हता.

मग उर्मिलाबाईंनी एक प्रश्न विचारला आणि मी दचकलो. "कालिंदीबाई, आपण जगूच नये, असं मनात येतं का?"

असे कुणी कुणाला विचारते का? माझ्या मनात आले, आता या बाई उठून चालू लागतील.

"रोज येतं," कालिंदीबाई म्हणाल्या. दूध नासले असे सांगावे, तितक्या सहज.

उर्मिलाबाई दचकल्या नाहीत, की "असं बोलू नये" म्हणाल्या नाहीत. त्यांनी सगळे शांतपणे विचारून घेतले. मग कालिंदीबाईंची परवानगी घेऊन चिंतामणरावांना आत बोलावले. यांना घरी एकटे ठेवायचे नाही, दुपारी यांच्या नणंदेने येऊन बसायचे, शनिवारी डॉक्टरांना दाखवायचे, आणि मनात तसे आले तर सोमवारची वाट न बघता तडक इकडे यायचे, असे तिघांनी मिळून ठरवले. चिंतामणरावांचा चेहरा पांढराफटक पडला होता. जाताना कालिंदीबाई उर्मिलाबाईंना म्हणाल्या, "कुणी विचारलं नव्हतं हो. विचारलंत, बरं वाटलं."

शनिवारी डॉक्टरांनी झोप यावी म्हणून औषध दिले. थोडी झोप येऊ लागली, दोन घास पोटात जाऊ लागले. मला वाटले, संपले काम. उर्मिलाबाईंना तसे वाटले नाही. त्या म्हणत, यांच्या आत अजून काहीतरी अडलेले आहे.

दिवाळी झाली आणि एका सोमवारी खालून मोर्चा गेला. हुतात्म्यांच्या नावाने जयजयकार होत होता. कालिंदीबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

"तो मोर्चाला गेलाच नव्हता."

उर्मिलाबाईंनी उठून खिडकी लावून घेतली.

"मी पाठवलं होतं त्याला. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं माझ्याकडे. बायका यायच्या होत्या आणि तिळगूळ कमी पडत होता. चिकीचा गूळ आण म्हटलं. तो म्हणाला, आई, बाहेर गडबड आहे, उद्या आणतो. मी म्हटलं, बायका काय उद्या यायच्यात? जा पटकन. तिळगुळासाठी पाठवला हो मी त्याला! आणि हे लोक माझ्या गळ्यात हार घालतात. साडी देतात. मी कुठल्या तोंडानं सांगू? यांना तर कसं सांगू? हे त्या फोटोपुढं उभे राहतात ना, तेव्हाच जरा ताठ असतात."

आणि त्या रडल्या. जानेवारीपासून साचलेले सगळे एकदम आले. उर्मिलाबाईंनी त्यांना थांबवले नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी एवढेच विचारले, "गोळीबार होणार हे माहीत असतं, तर पाठवलं असतंत?"

"काहीतरीच काय विचारता!"

"मग गोळी कुणी झाडली?"

हा प्रश्न कालिंदीबाई घरी घेऊन गेल्या आणि पुढच्या सोमवारीही घेऊन आल्या, त्याच्या पुढच्याही. एका बैठकीत मनावरचा दगड उतरत नाही, मित्रांनो. मी तर म्हणतो, तो उतरतच नाही, तो खाली कसा ठेवायचा ते शिकावे लागते. शेवटी एकदा त्या आपण होऊन म्हणाल्या, "यांना आत बोलवा. तुमच्यादेखत सांगते, एकटीला नाही जमायचं."

चिंतामणराव आले, पण खुर्चीत बसले नाहीत. चौकटीतच उभे राहिले आणि त्यांनी माझी कड मुठीत धरली. कालिंदीबाई सांगत गेल्या. हळदीकुंकू, तिळगूळ, जा पटकन. जसजसे त्या सांगत गेल्या तसतशी ती मूठ घट्ट होत गेली. माझी एक कडी तुटून खाली पडली. मला वाटले, आता हे गृहस्थ ओरडणार, नाहीतर निघून जाणार.

"मला ठाऊक आहे," चिंतामणराव म्हणाले.

"काय ठाऊक आहे?"

"इस्पितळात त्याचे कपडे दिले ना मला. खिशात पुडी होती गुळाची. मी ती वाटेत टाकून दिली. तुला दिसू नये म्हणून. म्हटलं, दिसली तर ही मरेल."

अगदी बारीक आवाजात कालिंदीबाईंनी विचारले, "किती आणला होता?"

"अर्धा शेर असेल."

"अर्धा शेरच सांगितला होता मी," त्या म्हणाल्या.

चिंतामणरावांनी मला सोडले आणि ते त्यांच्या शेजारी जाऊन बसले. इतके महिने एका घरात, एकाच गोष्टीवर, एकमेकांसाठी तोंड शिवून बसलेली ती दोन माणसे तिथे पहिल्यांदा एकत्र रडली. उर्मिलाबाई उठून बाहेर आल्या आणि त्यांनी मला नीट ओढून घेतले.

कालिंदीबाई लगेच बऱ्या झाल्या, असे मी सांगणार नाही. संक्रांत जवळ आली की त्या पुन्हा खचत आणि पुन्हा येऊन बसत. पण येत त्या आपल्या पायांनी, गालाला रुमाल न लावता. साठ साली महाराष्ट्र झाला तेव्हा वाडीने त्यांना परत व्यासपीठावर नेले. तिथे त्यांनी आपण होऊन सगळ्यांना सांगितले की माझा माधव गूळ आणायला गेला होता. त्यांनी सांगितले म्हणूनच मी आज बोलतो आहे. नाहीतर आतले बाहेर जाऊ देणारा पडदा काय कामाचा? वाडीने भिंतीवरचा फोटो उतरवला नाही. रंगवलेली टोपी तेवढी पुसून घेतली.

मी आता विरलो आहे. दवाखान्याला दार बसले आणि मला घडी करून फडताळात ठेवले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला पडून राहायचेच होते. पण मित्रांनो, एक मागणे आहे. तुमच्या घरात कुणी असे मिटून गेले, तर त्याला धीराचा म्हणून नावाजू नका आणि रडू नकोस म्हणून दटावू नका. त्याला विचारा. घाबरवणारा प्रश्नही विचारा. आणि ज्यांनी ऐकण्याचे शिक्षण घेतले आहे, त्यांच्याकडे त्याला वेळेवर घेऊन जा. कालिंदीबाई आमच्याकडे आल्या त्या संक्रांतीनंतर थेट श्रावणात. मधला एखादा दिवस जरी त्यांना पेलला नसता, तर चिंतामणराव त्या फोटोपुढे आणखी एक फोटो घेऊन उभे राहिले असते, आणि वाडीने त्यालाही हार घातला असता.