खारीने पुरलेले अक्रोड

आमचा अक्रोड दोन वर्षांपूर्वी वाळला. ह्यांनी लग्नाच्या वर्षी लावलेला. फळ लांबट, कवच इतकं पातळ की दोन बोटांत दाबलं की फुटायचं. भिंतीपलीकडे धाकट्या जाऊचं झाड आहे, वाटणी झाल्यावर तिने हट्टाने लावलेलं. त्याचं फळ वाटोळं, फोडायला हातोडा लागतो. मालकिणीवर गेलंय. वाटणीपासून आमचं बोलणं बंद.

झाड तोडलं, आणि थंडी सरल्यावर गुलाबाच्या वाफ्यात पाच रोपं आपोआप उगवली. खार बिया पुरते आणि विसरते. मी म्हटलं, ह्यांचं झाड परत आलं. आता एवढं एक झाड मार्गी लावायचं, मग मी सुटले.

अक्रोडाचं सोटमूळ वरच्या रोपाच्या दुप्पट खोल जातं. ते तुटलं की रोप रुसतं. म्हणून हातभर लांबून खणलं, तेलाच्या उंच डब्यांत लावलं. बुडाशी चिकटलेलं मातकट कवच तसंच ठेवलं. रोप त्यातल्या गरावरच पोसतं. वर्षभर पाणी घातलं. गुडघे माझे गेले, कौतुक सुनेचं झालं.

पानगळ झाली तसा अंगणात खड्डा खणवून घेतला. सुनेने पहिला डबा आडवा करून रोप काढलं, माती धुतली.

"आई, हे कवच बघा बरं."

"काय बघायचंय त्यात?"

"वाटोळं आहे."

मी त्याचं एक शकल दोन बोटांत दाबलं. फुटलं नाही. अंगठ्याने दाबलं. नाही. "ओल लागून घट्ट झालं असेल," मी म्हटलं. ओलीने कवच कुजतं, घट्ट होत नाही, हे मलाच कळत होतं. बाकीचे चारही डबे काढायला लावले. पाचही वाटोळी.

मी खड्ड्याच्या काठावर बसले. ह्यांचं झाड गेलं ते गेलंच. वर्षभर मी वैरिणीची पोरं सांभाळली.

"टाकून देऊ का?" सुनेने हळूच विचारलं.

"टाक की! पाणी घालून तुझे गुडघे गेले नाहीत ना!"

भिंतीवरून जाऊचं डोकं वर आलं. कान तिचे आधीपासून तिखट.

"जाऊबाई, काय लावताय?" अकरा वर्षांनी तिचं पहिलं वाक्य.

खोटं बोलावं म्हटलं, पण त्यालाही अंगात जोर लागतो.

"तुझंच," मी म्हटलं. "खारीने आणलं. मी माझं समजून वाढवलं."

ती म्हणाली, "सरळ धरा मग. माझं झाड वाकडं वाढत नाही."

"बोलायला काय जातंय? माती लोटायला ये. माझी कंबर मोडलीये."

डोकं खाली गेलं. आली तर आली. मी रोप धरून बसले, हात भरून आला तरी. मग आमच्या फाटकाची कडी वाजली.